बसायचा चहा

न्यूयॉर्कमध्ये पैसे टाकले की हवं ते मिळतं. मिळत नाही ती टेकायला जागा. दुकानाच्या पायरीवर बसलं की आतून कुणीतरी येऊन हटकतं. मोठमोठ्या इमारतींचे कठडे नेमके बसण्याच्या उंचीचे असतात, म्हणून त्यांवर लोखंडी दांडे ठोकून ठेवलेले असतात. २०२१ च्या पहिल्याच दिवशी सुरू झालेला मोयनिहान ट्रेन हॉल बघा. डोक्यावर एकरभर काच, पायाखाली गुळगुळीत फरशी आणि एवढ्या थोरल्या मधल्या हॉलमध्ये बाक एकही नाही. तिकीट काढलेल्या प्रवाशांसाठी बाजूला वेगळी जागा आहे. बाकीचे भिंतीला पाठ लावून जमिनीवर फतकल मारतात. "डोंबिवली स्टेशनात याहून बरी सोय आहे," असं मी तिथे म्हणाले तेव्हा नवरा हसला होता. मी गंमत करत नव्हते.

कॉफीची दुकानं आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत. पण कुठे प्लगपॉइंट बुजवलेत, कुठे शनिवार-रविवार लॅपटॉप उघडू नका अशा पाट्या लावल्यात. पाच-सहा डॉलरची कॉफी घेऊन जरा विसावलात की तुमचा अर्धा भरलेला कप "झालं का?" म्हणून उचलायला माणूस हजर. झालं का म्हणजे उठा. बबल टी नावाचा जो प्रकार कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो त्याच्याबद्दल मी फारसं बोलणार नाही. तैवानातून आला, पोरांना आवडतो, साबुदाण्याच्या थोरल्या भावासारख्या गोळ्या जाड नळीतून ओढत लोक रस्त्याने चालत असतात. चालता चालता जे प्यायचं त्याला चहा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

म्हणून या शहरातल्या स्वस्त खाण्याच्या जागांची माझी यादी चवीवर लावलेली नाही. चव बहुतेक ठिकाणी चांगलीच असते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, जिथे देशोदेशीचं खाणं मिळतं, तिथे राहणाऱ्या माणसाने त्याबद्दल तक्रार केली तर त्याला पाप लागेल. मी दोनच गोष्टी बघते: न मागता चहा येतो का, आणि किटली रिकामी झाल्यावर काय होतं.

मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये, कॅनल स्ट्रीटच्या दक्षिणेला, काचेमागे भाजलेली बदकं टांगलेली हॉटेलं आहेत. दार ढकललं की समोरच जाडजूड लाकडी ओंडका आणि त्यावर सुरा चालवणारा बाप्या. हाडासकट बदकाचे तुकडे तो अशा ठेक्यात पाडतो की बोलणाऱ्यालाही त्या ठेक्यातच बोलावं लागतं. भाताच्या ढिगावर ते तुकडे, बाजूला उकडलेली हिरवी पालेभाजी, आणि मागितली तर आलं नि कांद्याची पात बारीक चिरून वर कडकडीत तेल ओतलेली चटणी. ती मागायचीच. दहा-बारा डॉलरांत पोट भरतं, ज्यात मिडटाउनच्या ऑफिसांच्या भागात सॅलडचा डबाही येत नाही.

आणि तुम्ही बसता न बसता तोच टेबलावर चहा आदळतो. खरोखरच आदळतो. या नाही, बसा नाही, वेटर तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. कधी स्टीलची किटली आणि कान नसलेला कप, कधी नुसताच प्लास्टिकचा जाड पेला, काठोकाठ भरलेला. चहा पातळ, तांबूस, जीभ पोळेल इतका गरम, आणि चवीला म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. काही म्हातारे पहिला कप पीतच नाहीत. त्यात चॉपस्टिक्स आणि चमचा बुडवून विसळतात, मग ते पाणी बाजूला ओतून दुसऱ्या कपापासून सुरुवात करतात. टेबल तुमच्या एकटीचं नसतं. समोर एखादा पोस्टमन, शेजारी आजी आणि तिची नात, सगळे आपापल्या ताटात बघत जेवतात. बिलात चहाचा उल्लेख नसतो. पण तो पेला समोर आला की ती खुर्ची तुमची झाली. आता तुम्हाला कुणी उठवणार नाही.

उघड्यावर चायनीजच्या गाड्या बघत मोठी झालेली मी. आमच्याकडे गाडीवाला अजिनोमोटोचा चमचा गिऱ्हाइकासमोर कढईत टाकायचा, अभिमानाने. इथे अजून काही जुन्या हॉटेलांच्या काचेवर 'नो एमएसजी' असं लिहिलेलं दिसतं. एमएसजी म्हणजे तोच अजिनोमोटो. १९६८ साली एका डॉक्टरने वैद्यकीय मासिकाला पत्र लिहिलं की चिनी हॉटेलात जेवलं की मानेत बधिरपणा येतो. त्या एका पत्रावरून या लोकांच्या धंद्याला जो डाग लागला तो पुसायला पुढे कितीतरी वर्षं गेली. तीच पूड बटाट्याच्या वेफर्समध्ये असते, तिथे कुणाची मान दुखत नाही.

पण मुळात ही हॉटेलं इतकी झाली कशी? त्याची गोष्ट स्वयंपाकघरात नाही, कायद्याच्या पुस्तकात आहे. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी केली. व्यापाऱ्याला मात्र सूट होती: तो चीनला जाऊन परत येऊ शकायचा, घरच्यांना आणू शकायचा. कपडे धुणारा व्यापारी नाही आणि भात शिजवणाराही नाही, असं सरकारचं म्हणणं. मग १९१५ साली एका कोर्टाच्या निकालाने हॉटेलमालकाला व्यापाऱ्यांच्या रांगेत बसवलं आणि एकदम दार किलकिलं झालं. अटी भरपूर होत्या. हॉटेल भारीपैकी हवं, मालकाने स्वतः खरकटी भांडी घासलेली किंवा ताटं वाढलेली चालणार नाहीत, आणि हे सगळं खरं असल्याची ग्वाही गोऱ्या माणसांनी द्यायला हवी. लोकांनी काय करावं? भाऊबंद, गाववाले मिळून वर्गणी काढून एक हॉटेल उभं करायचं. वर्ष-दीड वर्ष एकाने मालक म्हणून गल्ल्यावर बसायचं, त्याचे कागद झाले की पुढच्याने. भिशीच म्हणा, फक्त हातात पैसे येण्याऐवजी व्हिसा यायचा. १९१० ते १९२० या दहा वर्षांत न्यूयॉर्कमधली चिनी हॉटेलं चौपट झाली. बंदी उठायला १९४३ साल उजाडलं, आणि तेव्हाही वर्षाला १०५ माणसांचा कोटा ठेवून. आपल्यासारख्यांना दार नीट उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. म्हणजे मी आज या टेबलावर बसले आहे तेही त्याच रांगेत, बरीच मागे उभी राहून.

डॉयर्स स्ट्रीट नावाची एक आखूड, मधेच काटकोनात वळणारी गल्ली आहे. तिथलं नोम वा टी पार्लर १९२० सालचं. नावातच टी पार्लर आहे आणि चहा खरोखर चांगला आहे, पण आता तिथे पर्यटकांची रांग असते, आणि रांगेतून आत गेलेल्या माणसाला निवांत बसवत नाही. पाठीला रांग टोचते. तरी एकदा जाऊन यावं. तिथली बदामाची बिस्किटं घरी आणावीत.

माझी आई उन्हाळ्यात आली होती तेव्हा तिला मी मॉट स्ट्रीटवर शाकाहारी डिमसमला, म्हणजे चहाबरोबर खायच्या छोट्या छोट्या चिनी पदार्थांच्या हॉटेलात, नेलं. आई शुद्ध शाकाहारी. बदकं टांगलेल्या रस्त्यावरून नाकाला पदर लावून चालत आली बिचारी, आणि आत शिरल्यावर बघते तो शेजारच्या टेबलावर डोक्यावर चिमुकल्या टोप्या घातलेलं ज्यू कुटुंब. त्या हॉटेलाला ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या, म्हणजे कोशर, नियमांचंही प्रमाणपत्र आहे. मांस नाही, मग त्यांचा प्रश्न मिटला, आईचाही मिटला. बौद्ध परंपरेचं चिनी जेवण, ज्यू गिऱ्हाइकं आणि मधे डोंबिवलीच्या आई. तिने लगेच सगळ्यांकडे बघून मान हलवली. ओळख असल्यासारखी.

चहा आला. मी पो-ले मागवला होता, ज्याला इंग्रजी मेनूत पुअर लिहितात. युन्नानकडचा, आंबवून मुरवलेला, रंगाने जवळपास काळा. वास पहिल्या पावसात भिजलेल्या माळ्यावरच्या पोत्याचा. आईने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"अगं, हा चहा आहे की काढा?"

"चहाच आहे. तेलकटाबरोबर बरा पडतो."

"आणि दूध?"

"यात नसतं घालत."

"साखर?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी परदेशात येऊन काय काय सोडलं याची यादी तिच्या डोळ्यांपुढे तयार होत होती. मग वाफेच्या बांबूच्या डब्या येऊ लागल्या. एक वडी आली. मुळा किसून तांदळाच्या पिठात कालवून वाफवायचा, गार झाला की चौकोन कापायचे आणि ते तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायचे. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, मुळ्याचा उग्रपणा गेलेला आणि गोडवा राहिलेला. आईने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी माझ्या ताटलीतून उचलली आणि न बोलता कप पुन्हा हातात घेतला. तेलकट वडीनंतर तो काळा चहा जिभेवरून कसा फिरतो हे तिला कळलं असावं, कारण किटली तिनेच संपवली.

आता वेटरला हाक कशी मारायची हा प्रश्न. त्या गोंगाटात 'एक्स्क्यूज मी'ला काही किंमत नसते. पलीकडच्या टेबलावरच्या एका चिनी आजींनी हात लांब करून आमच्या किटलीचं झाकण उचललं आणि तोंडावर तिरकं ठेवून दिलं. मिनिटभरात जाता जाता वेटरने गरम पाणी ओतलं. एक शब्द नाही. मग त्याच आजींनी तर्जनी आणि मधलं बोट वाकवून टेबलावर टकटक केली आणि आईकडे बघून मान हलवली, करा म्हणून. कुणी कपात चहा ओतला की तोंडातला घास न थांबवता आभार मानायची ही रीत. हिची एक दंतकथाही सांगतात: छियानलुंग बादशहा वेश पालटून फिरत होता, चहाच्या दुकानात त्याने आपल्या नोकराच्या कपात स्वतः चहा ओतला. आता बादशहाने चहा ओतल्यावर साष्टांग नमस्कार घालायला हवा, पण घातला तर सोंग उघडं पडणार. म्हणून नोकराने बोटं वाकवून टेबलावर टेकवली. गोष्ट खरी असो-नसो, आईला एकदम पटली. त्यानंतर घरी जाईपर्यंत आणि घरी गेल्यावरही, मी तिला आमटी वाढली तरी ती टकटक करायची. "घरच्या माणसाला थँक यू म्हणायचं म्हणजे कसंतरीच वाटतं," म्हणाली, "हे बरं आहे."

जेवण कधीच संपलं होतं. दाराशी लोक उभे होते. आई खुर्चीच्या टोकावर सरकली. "उठू या का? थांबलेत गं लोक." हे मी ओळखते. उडपी हॉटेलात शेवटचा घोट घ्यायच्या आत बिल आणि बडीशेप समोर येते, आणि पुढची गिऱ्हाइकं खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी असतात. त्या हातात आम्ही वाढलो. इथे बिल मागितल्याशिवाय आलंच नाही. कुणी आमच्याकडे बघितलंही नाही. आई हळूहळू मागे टेकली आणि तिने मला मामाच्या जमिनीच्या भांडणाची अख्खी हकीकत सांगितली, जी तिने फोनवर कधी सांगितली नव्हती. दोन किटल्यांची हकीकत होती ती.

दुधाच्या चहाची तिची हौस मी दुसऱ्या दिवशी पुरवली. हाँगकाँगी पद्धतीची जी छोटी चहा-नाश्त्याची हॉटेलं चायनाटाउनमध्ये आहेत तिथे सिलोनचा कडक चहा लांबट कापडी पिशवीतून पुन्हा पुन्हा गाळतात आणि त्यात डब्यातलं आटवलेलं दूध घालतात. कापड चहाने रंगून गडद तपकिरी झालेलं. आईने काउंटरमागे वाकून ते बघितलं आणि म्हणाली, "आपल्या टपरीवरचंच फडकं." चहा तिने नावाजला. पण तिथे टेबलं इवलीशी, वेटर घाईतला, चहा बिलात तीन-साडेतीन डॉलर लावलेला. तो पिऊन उठायचं असतं, आणि आम्ही उठलो. दुधाचा चहा जगभर घाईचाच असतो की काय, कोण जाणे. पुण्याचं गुडलक, मुंबईतले इराणी, हे अपवाद. तिथे एका बन मस्क्यावर आणि अर्ध्या चहावर लोकांनी परीक्षांचे अभ्यास केलेत, लग्नं ठरवलीत. तेही परमुलखातून आलेल्या माणसांनीच चालवलेले.

खुर्च्या म्हटलं की मला एलिझाबेथ स्ट्रीटचं जिंग फाँग आठवतं. सरकत्या जिन्याने वर जायचं, आणि वर एका सभागृहात सुमारे ८०० खुर्च्या. शहरातलं सगळ्यात मोठं चिनी हॉटेल म्हणायचे त्याला. लाल गालिचा, झुंबरं, आणि टेबलांच्या मधून ढकलगाड्या घेऊन फिरणाऱ्या बायका, ज्या आपल्या गाडीतल्या डबीचं नाव इतक्या खणखणीत आवाजात पुकारायच्या की भाजीबाजाराने मान खाली घालावी. डबी उचलली की त्या तुमच्या कार्डावर शिक्का मारणार: छोटी, मध्यम, मोठी. शेवटी शिक्के मोजून बिल. शेकडो माणसं एकाच वेळी चहा पिताना बघणं ही वेगळीच गोष्ट होती. मार्च २०२१ मध्ये ते सभागृह बंद झालं. कोविडने धंदा बसवला होता हे खरं, पण तिथल्या कामगारांनी आणि शेजारपाजारच्या लोकांनी जागेच्या मालकाच्या दारात निदर्शनं केली होती, निदान हे एक तरी टिकवा म्हणून. नंतर जिंग फाँग जवळच सेंटर स्ट्रीटवर पुन्हा सुरू झालं. पदार्थ तेच आहेत. पण जागा लहान, आणि लहान जागेत खुर्ची महाग होते, मग मेनूवर काहीही लिहिलेलं असो.

सात नंबरच्या गाडीने शेवटच्या स्टेशनपर्यंत, फ्लशिंगला गेलं की गणित पुन्हा बदलतं. मेन स्ट्रीटवरच्या मॉलांच्या तळघरात खाण्याचे गाळे आहेत. शीआन फेमस फूड्स, ज्याच्या शाखा आता शहरभर आहेत, २००० नंतरच्या दशकात अशाच एका तळघरातून वर आलं. हाताने ओढून, ओट्यावर आपटून केलेल्या पट्ट्याएवढ्या रुंद शेवया आणि त्यांवर जिरं-तिखट लावलेलं मेंढीचं मटण. जिऱ्याचा तो वास आला की माझे पाय आपोआप जिना उतरतात. पण तिथे चहा नाही. दोन फुटी टेबल, चाकाएवढं स्टूल, आणि तुमचा घास तोंडात असतानाच कुणीतरी ताट घेऊन तुमच्या डोक्यावर उभं. तक्रार नाही. त्या किमतीत ते तसंच असणार. तळघरात जेवायला जायचं, बसायला नाही.

मग फ्लशिंगच्या म्हाताऱ्यांनी बसायचं कुठे? याचं उत्तर २०१४ च्या जानेवारीत पेपरात आलं. पार्सन्स आणि नॉर्दर्न बुलेव्हार्डच्या नाक्यावरच्या मॅकडोनाल्ड्समध्ये कोरियन आजोबा-आजी सकाळी येऊन एक छोटी कॉफी किंवा फ्राइज घेऊन तासन् तास बसायचे. वीस मिनिटांत खाऊन उठा अशी पाटी दुकानात होती. चालवणाऱ्यांनी चक्क पोलिसांना बोलावलं. पोलिस यायचे, म्हातारे उठायचे, एक फेरी मारून पुन्हा येऊन बसायचे. कोरियन संघटना चिडल्या, बहिष्काराची भाषा झाली, शेवटी रॉन किम नावाचे स्थानिक आमदार मध्ये पडले आणि तोडगा निघाला: दुपारच्या गर्दीच्या वेळी तासाभरात उठायचं, बाकी वेळ बसा. त्या वेळी बऱ्याच लोकांनी म्हाताऱ्यांना नावं ठेवली. ज्येष्ठ नागरिकांची केंद्रं आहेत की, तिथे जा. काही जणांनी बातमीदारांना सांगितलं की केंद्र लांब आहे. मला वाटतं केंद्रात जाणं म्हणजे आपण म्हातारे झालो हे सही करून देणं. हॉटेलात बसलेला माणूस गिऱ्हाईक असतो. आमचे अप्पा रिटायर झाल्यावर रोज सकाळी फडके रोडला जाऊन चहा पिऊन यायचे. घरी चहा होत नव्हता असं नाही.

त्याच फ्लशिंगमध्ये, बाउन स्ट्रीटवर, गणपतीचं देऊळ आहे. १९७७ साली प्रतिष्ठापना झाली. २०२२ मध्ये रस्त्याच्या त्या भागाला 'गणेश टेंपल स्ट्रीट' असं जोडनावही मिळालं. मूळ नावातले बाउन म्हणजे जॉन बाउन, ज्यांना १६६२ साली घरात क्वेकर पंथाच्या लोकांना प्रार्थना करू दिली म्हणून अटक झाली होती. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर गणपती बसावा हा योग मला फार आवडतो. देवळाच्या तळघरात कँटीन आहे. कागदी ताटात डोसा, स्टीलच्या लांब टेबलांवर सांबार सांडलेलं, आणि शनिवार-रविवारी ही गर्दी. तिथे खरं तर कॉफीच प्यावी. पण बसायचं म्हणाल तर देवळाच्या आवारात बसणाऱ्याला कोण उठवणार? वर दर्शन घेऊन लोक खाली येतात, लुंगीतले आजोबा पेपर उघडतात, पोरं टेबलाखाली पकडापकडी खेळतात. तिथली कॉफी संपली तरी चालते.

टॅक्सीवाल्यांचं वेगळं. ईस्ट हाउस्टन स्ट्रीटलगत अर्ध्या तळघरात एक छोटं पंजाबी डेली, म्हणजे तयार खाण्याचं दुकान आहे, नव्वदच्या दशकापासूनचं. तिथे कागदी कपात मसाला चहा आणि समोशावर छोले घालून मिळतात. बाहेर पिवळ्या गाड्या उभ्या. ड्रायव्हर लोक बहुतेक उभ्यानेच खातात, आणि त्यात त्यांना काही कमीपणा नाही, कारण बारा-बारा तास ते बसलेलेच असतात. त्यांना हवं असतं पाय मोकळे करणं, स्वच्छतागृह, आणि दोन वाक्यं आपल्या भाषेत. तिथे बसायला जागा नाही हे मी दोष म्हणून धरत नाही.

आता पैशाचं. कारण बसू देणं फुकट नसतं, त्याची किंमत कुणीतरी मोजत असतं. २०२५ साली शहरात किमान वेतन तासाला १६.५० डॉलर होतं. पण टिप मिळणाऱ्या वेटरला मालकाने ११ दिले तरी कायद्याने चालायचं. वरचे साडेपाच गिऱ्हाइकांच्या टिपमधून भरून निघतील असं धरलेलं. म्हणजे मी रविवारी दुपारी चौघांच्या टेबलावर तिसरी किटली मागते तेव्हा मालकाचं काय जायचं ते जातंच, पण त्या टेबलावर येऊ शकली असती अशा पुढच्या गिऱ्हाइकाची टिप वेटरची बुडते. आणि तोच वेटर, तोंडावरची रेषही न हलवता, पाणी ओतून जातो.

यावर आमच्या घरात वाद आहे. न्यूयॉर्कमध्ये टिप काढायची सोपी युक्ती म्हणजे बिलावरचा कर दुप्पट करायचा. कर ८.८७५ टक्के, म्हणून टिप साधारण पावणेअठरा टक्के. नवरा हिशेबी माणूस. चोवीस डॉलरचं बिल, कर दोन तेरा, टिप चार सव्वीस, वरचे सेंट सोडून देऊ, विषय संपला. माझं म्हणणं, टिप घड्याळावर काढायला हवी. दीड तास बसलो ना? मग चार डॉलर कसले ठेवतोस! तो म्हणतो, अशाने मग स्वस्त कुठे राहिलं, त्यापेक्षा मिडटाउनचं सॅलड खाऊ. मी म्हणते, खा, उभ्याने खा.

शेवटी एक तडजोड निघाली. जेवणाचे तो देतो, कराच्या दुप्पट टिप लिहून. खुर्चीचे मी देते. उठताना बशीखाली नोट सरकवते. अकराच्या आत गेलो असू तर छोटी, बारानंतर गेलो असू तर मोठी, आणि आईचा फोन चालू असताना बसून राहिले असेन तर त्याहून मोठी.